बाबांचा ‘फिटनेस’ आणि एका गोळीची तारीख

बाबांना जांघेतील हर्नियाचे ऑपरेशन सांगितले, तेव्हा त्यांचे वय ७१ होते आणि चार वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या स्टेंटमुळे (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीमुळे) क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन या रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू होत्या. रक्त-लघवी, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे एका सकाळीत झाले. टू-डी इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, मात्र नऊ दिवसांनंतरची तारीख मिळाली. तेही सोसले. खरे अडले ते क्लोपिडोग्रेलपाशी.

या गोळीचा परिणाम झालेल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, पुन्हा कामाच्या होत नाहीत, शरीराला नव्या तयार कराव्या लागतात. त्यामुळे कण्यात इंजेक्शन देऊन भूल द्यायची असेल, तर ही गोळी साधारण पाच ते सात दिवस आधी बंद करतात. नाहीतर कण्यात रक्त साकळून पाय लुळे पडण्याचा धोका असतो. उलट, स्टेंट असलेल्या माणसाने ती मनाने बंद केली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनीच द्यायला हवा होता, पण त्यांच्या कागदावर ‘ऑपरेशनसाठी फिट, जोखीम मध्यम’ एवढेच लिहिलेले होते. भूलतज्ज्ञ मॅडमनी तो परत पाठवला. हृदयविकाराची ओपीडी मंगळवारी आणि शुक्रवारी असे. शुक्रवारी सिन्नरहून पहाटेच्या एसटीने नाशिकला पोहोचलो, तर ‘सर्जनना विचारा’ असे उत्तर मिळाले. सर्जन म्हणाले, ‘ते भूलवाले ठरवतील.’ एवढ्या मोठ्या रुग्णालयात तीन विभागांनी एकमेकांशी फोनवर बोलायचे नाही आणि म्हाताऱ्या माणसाने जिने चढत निरोप पोहोचवायचे, याचा राग अजूनही जात नाही.

मंगळवारी मी केसपेपर टेबलावर ठेवला आणि स्पष्ट विनंती केली: क्लोपिडोग्रेल कोणत्या तारखेपासून बंद, ॲस्पिरिन चालू की बंद, आणि ऑपरेशननंतर पुन्हा केव्हा, हे याच कागदावर सहीनिशी लिहून द्या. डॉक्टरांनी इकोचा रिपोर्ट पुन्हा पाहिला आणि चार ओळी लिहिल्या. त्याला दोन मिनिटे लागली. आपल्या घरात असा रुग्ण असेल, तर पहिल्याच भेटीत हे मागून घ्या.

भूलतज्ज्ञांविषयी मात्र मला आदरच आहे. त्यांनी बाबांना तोंड उघडून जीभ बाहेर काढायला लावली, मान मागे वाकवून पाहिली, कवळी काढून ठेवायला सांगितली आणि दोन जिने चढल्यावर दम लागतो का, असे विचारले. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत भरून नेली होती, त्याचा इथे उपयोग झाला. साखरेसाठीची डापाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधी थांबवायची असते, हे त्यांनी पाकीट पाहूनच सांगितले. आम्ही ती रक्त पातळ करणाऱ्या औषधांत नाही म्हणून धरलीच नव्हती. जेवण सहा तास आधी बंद आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत, हेही त्यांनी कागदावर लिहून दिले.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरांनी दारातच विचारले, ‘काका, पातळ रक्ताची गोळी शेवटची केव्हा घेतली?’ बाबांनी खिशातून तोच कागद काढून दिला.