आयुष्याचा उत्सव म्हणजे रडायचं नाही का?

मृत्यूबद्दल मोकळेपणानं बोलणं निघालं की एक प्रश्न हमखास येतो : 'गेलेल्या माणसाच्या आयुष्याचा उत्सव करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आणि दुःख गिळून टाकायचं का?' तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

रडा. पोटभर रडा. 'त्यांना रडणं आवडायचं नाही, सगळ्यांनी हसतमुख या' असा निरोप आधीच धाडला की येणाऱ्यांवर दुःख लपवायचं जादा काम पडतं. उत्सव याचा अर्थ एवढाच, की श्रद्धांजली सभेच्या तासाभरात गेलेलं माणूस सगळ्यांना पुन्हा दिसलं पाहिजे. ते दिसतं तपशिलांतून. 'प्रेमळ, कष्टाळू, सर्वांच्या मदतीला धावणारे' ही विशेषणं कुणालाही चिकटतात. 'झोपण्याआधी दाराची कडी तीनदा बघायचे आणि तिसऱ्यांदा स्वतःवरच पुटपुटायचे' हे मात्र एकाच माणसाचं असतं. ते ऐकून लोक आधी हसतात, मग डोळे पुसतात.

अडचण अशी की मृत्यूनंतरच्या पहिल्या एकदोन दिवसांत घरच्यांना नेमकं काहीच आठवत नाही. म्हणून ही तयारी माणूस हयात असताना व्हायला हवी. मृत्यूचा स्वीकार म्हणतात तो मला तरी या तयारीतच दिसतो. 'तुमची शेवटची इच्छा काय?' असं थेट विचारलं की समोरचा मिटून जातो. 'लहानपणी कुणाचा धाक होता?', 'कोणतं काम करताना वेळेचं भान राहायचं नाही?' असं विचारा, बोलणं आपोआप पुढे सरकतं. परवानगी घेऊन ते फोनवर रेकॉर्ड करा. पंखा आणि टीव्ही बंद ठेवा. फोन हातभर अंतरावर, घडी घातलेल्या कापडावर ठेवा, म्हणजे टेबलाचे हादरे त्यात उतरत नाहीत. एका वेळी वीस-तीस मिनिटं पुरेत, थकलेलं माणूस पुढे फक्त हो-नाही म्हणतं. फाइलला नाव-तारीख देऊन ती दोन ठिकाणी जपा.

यासोबत एक कागद हवा. त्यावर देहाचं काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, निर्णय कोणी घ्यायचा, कोणाकोणाला फोन करायचे आणि कोणतं संगीत लावायचं, एवढंच. हा कागद मृत्युपत्रात घालू नका. मृत्युपत्र बरेचदा अंत्यसंस्कार उरकल्यावर उघडलं जातं आणि इच्छा कळते तेव्हा उशीर झालेला असतो. फोन नंबर कागदावरच उतरवा, कारण ते ज्या फोनमध्ये असतात त्याचं कुलूप नेमकं त्याच दिवशी कोणाला उघडता येत नाही.

आता पहिल्या काही तासांबद्दल, कारण हे कोणी सांगत नाही. मृत्यू अचानक किंवा अपघाती असेल तर डॉक्टर आणि पोलीस येईपर्यंत काही हलवू नका. अपेक्षित मृत्यू असेल आणि डॉक्टरांनी खात्री केली असेल, तर घाई नसते. देह सपाट ठेवून डोक्याखाली एक उशी द्या. रक्त शरीराच्या खालच्या भागाकडे उतरतं, डोकं थोडं वर राहिलं तर चेहऱ्यावर काळसर डाग येत नाहीत. पापण्या मिटवून अर्धा मिनिट हलकेच धरून ठेवा. जबडा उघडा राहत असेल तर हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी द्या. अंगठ्या लगेच काढा. दोन ते चार तासांत पापण्या आणि जबड्यापासून शरीर ताठरायला लागतं, बारा तासांच्या सुमारास ते पूर्ण ताठ होतं आणि नंतर पुन्हा सैल पडतं. कूस बदलताना छातीतली हवा बाहेर पडून हुंकारासारखा आवाज येऊ शकतो. हे माहीत नसलं की माणसं हादरतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. आतडी, मूत्राशयही सैल होतात, तेव्हा खाली शोषून घेणारं कापड घाला. नेत्रदान करायचं असेल तर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच फोन करा. तोवर मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवा आणि पंखा बंद करा, वाऱ्यानं बुबुळ सुकतं. दहन करायचं असेल आणि छातीत पेसमेकर असेल तर तो आधी काढून घ्यावा लागतो. उष्णतेनं त्याची बॅटरी फुटते.

ज्यांना झेपेल त्यांनी देह पुसण्यात, कपडे घालण्यात हात लावावा. थंड पडत गेलेला तळहात धरल्यावर मनाला जे कळतं, ते बोलण्यातून कळत नाही. पण ज्यांना नको असेल त्यांना कोणी ओढू नये.

मुलांना 'मृत्यू' हाच शब्द सांगा. 'झोपले', 'लांब गेले' असं म्हटलं की लहान मूल रात्री झोपायला घाबरतं, नाहीतर वाट बघत बसतं. मृत्यू परत फिरत नाही हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या सुमारास उमगतं. त्याआधी तोच प्रश्न दहादा येईल, तेच उत्तर दहादा द्या. सभेला यायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या आणि सोबत एक असं मोठं माणूस ठेवा, जे मध्येच उठून त्यांना बाहेर नेऊ शकेल.

सभा पाऊण तासाची पुरे, फार तर एक तास. बोलणारे तीन-चार, प्रत्येकी पाच मिनिटं, तेही आधी ठरलेले. 'ज्यांना बोलायचंय त्यांनी या' म्हटलं की एक तर कोणी उठत नाही, नाहीतर पहिलाच वीस मिनिटं घेतो. पाच मिनिटं म्हणजे सावकाश वाचून पाचशे-सहाशे शब्द. ते मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छापा, पानांना क्रमांक द्या, वाक्य पुढच्या पानावर तुटू देऊ नका. दुसरी प्रत कोणाकडे तरी द्या. आवाज फुटला तर थांबा, पाण्याचा एक घोट घ्या, तरीही जमत नसेल तर तो माणूस पुढचं वाचेल. गेलेलं माणूस कठीण स्वभावाचं असेल तर खोटे गोडवे गाऊ नयेत, हिशेबही चुकते करू नयेत. 'त्यांच्यासोबत राहणं सोपं नव्हतं' हे एक वाक्य प्रामाणिकपणे म्हटलं, की ऐकणाऱ्यांचे खांदे सैल झालेले दिसतात.

फोटो शेवटच्या आजारातला नको, आणि तीस वर्षांपूर्वीचा, कोणाला ओळखू न येणाराही नको. आठ बाय बारा इंची छपाईला किमान १६०० बाय २४०० पिक्सेल लागतात. चॅटवरून आलेला फोटो आकुंचन पावलेला असतो, म्हणून मूळ फाइल मागवा. गाणं फोनमध्ये उतरवून ठेवा, नाहीतर ऐन शांततेत जाहिरात वाजते. पूर्ण गाणं लांबतं, दीड-दोन मिनिटांनी हळूहळू आवाज कमी करत थांबवा. मौन पाळायचं तर सुरुवात आणि शेवट दोन्ही स्पष्ट सांगा.

राखेचंही ऐकून ठेवा. प्रौढ माणसाची राख साधारण दोन ते तीन किलो भरते. ती सोडताना वारा पाठीमागून येईल असं उभं राहा आणि भांडं कमरेखाली धरा, नाहीतर सगळी अंगावर येते. झाडाच्या मुळाशी ती थेट ओतली तर झाड जळतं, कारण राख तीव्र अल्कधर्मी आणि खारट असते. भरपूर मातीत थोडी थोडी मिसळा आणि मुळांपासून दूर ठेवा.

शेवटी एक छोटी गोष्ट सुचवते. दाराशी कोरी कार्डं आणि ती लिहून टाकायला एक डबा ठेवा. 'आठवण लिहा' असं लिहिलं तर लोक 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून पुढे सरकतात. त्याऐवजी 'त्यांच्याकडून तुम्ही काय उचललंत?' असं विचारा. शंभर माणसांमागे वीस पेनं तरी हवीत, कमी पडली की लोक न लिहिताच जातात. ही कार्डं त्याच रात्री वाचू नका. दोन-तीन महिन्यांनी, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबल्यावर, घरातल्यांनी एकत्र बसून तो डबा उघडावा.