ब्युनोस आयरेस : थिएटरमधलं पुस्तकांचं दुकान

अर्जेंटिनाला कोणी जाणार असाल तर ब्युनोस आयरेसचं एल आतेनेओ ग्रँड स्प्लेंडिड बघाच, आणि कृपा करून पंधरा मिनिटांत फोटो काढून पळू नका, निदान दोन तास तरी हाताशी ठेवा. सांता फे अव्हेन्यूवर १८६० नंबर. रस्त्यावरून आतलं काही कळतच नाही, दुकानांच्या रांगेतलं आणखी एक दुकान वाटतं, आणि आत गेलं की एकदम अख्खं थिएटर समोर उभं राहतं.

१९१९ साली हे नाट्यगृह म्हणून सुरू झालं, मॅक्स ग्लुक्समन नावाच्या माणसाने बांधून घेतलं, साधारण हजार माणसं बसायची. कार्लोस गार्देल, म्हणजे टँगो या तिथल्या नाच-गाण्यातला सगळ्यात मोठा गायक, तो इथे गायलाय. पुढे सिनेमा आला, मग आपल्याकडच्या सिंगल स्क्रीनचं झालं तेच होणार होतं, पण २००० साली तिथे पुस्तकं आली. खुर्च्या गेल्या, बाकी जवळजवळ सगळं जागेवर आहे, बाल्कन्या, सोनेरी नक्षी, लाल मखमली पडदा.

आत गेल्यावर खाली रेंगाळू नका, आधी सरळ वरच्या मजल्यावर जा. बाल्कनीच्या गोलाईला धरून कपाटं लावलीयेत आणि वर घुमटावर नाझारेनो ओर्लांदीचं चित्र आहे, पहिलं महायुद्ध संपून शांतता आली तो विषय, खालून ते नीट दिसत नाही, वरून दिसतं. मग पूर्वीच्या बॉक्समध्ये, म्हणजे प्रेक्षकांसाठी बाजूला असलेल्या छोट्या कप्प्यांत, जागा मिळते का बघा, खुर्च्या ठेवल्यात, पुस्तक घेऊन बसलं तर कोणी उठवत नाही. मी बसले होते तेव्हा शेजारच्या बॉक्समध्ये एक आजोबा जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन वाचत होते, खाली एवढी गर्दी, पण त्यांनी मान वर केली नाही. मला तर तेच सगळ्यात जास्त आवडलं.

कॅफे चक्क स्टेजवर आहे, पडदा दोन्ही बाजूंना सारलेला, डोक्यावर अजून स्टेजचे लाइट. कॉफी ठीकठाक, पण स्टेजवरून अख्खं प्रेक्षागृह बघायला मिळतं म्हणून एकदा बसाच. मुलं बरोबर असतील तर तळघरात मुलांचा विभाग आहे, एस्कलेटरने जाता येतं.

एन्ट्री फुकट. वीकडेला सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर शांत मिळेल, दुपारनंतर टुरिस्टांची झुंबड, रविवारी उशिरा उघडतं. तिथल्या मेट्रोच्या डी लाइनवर काज्याओ स्टेशनला उतरून चालत जाता येतं. पुस्तकं बहुतेक स्पॅनिश, इंग्लिश थोडीच, आणि अर्जेंटिनात पुस्तकं स्वस्त नाहीत हे धरून चला. तरी एखादं घ्याच, स्पॅनिश येत नसेल तर मुलांचं चित्रांचं पुस्तक घ्या, ही वास्तू पुस्तकं विकली जातात म्हणूनच उभी आहे ना.

आपल्या मुंबईतलं स्ट्रँड बुक स्टॉलसुद्धा १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड टॉकीजमध्येच सुरू झालं होतं, २०१८ ला ते बंद पडलं, एल आतेनेओत बसल्या बसल्या त्याची फार आठवण आली.

जुनी पुस्तकं हवी असतील तर संध्याकाळी कोरिएंतेस अव्हेन्यूला जा, तिथली दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात आणि भावही परवडतात. फक्त रस्त्यात मोबाइल हातात धरून चालू नका.