सीडी१८ ची टेस्ट आणि तो बर्फाचा डबा : माझा अनुभव (बडोदा)

अजून राग जात नाही म्हणून लिहितेय. ज्यांच्या बाळाला डॉक्टरांनी एलएडीची, म्हणजे ल्युकोसाइट अॅड्हीजन डेफिशियन्सी ह्या पांढऱ्या पेशींच्या जन्मजात आजाराची टेस्ट सांगितली असेल त्यांनी रक्त द्यायच्या आधी हे वाचा.

बाळाची नाळ महिना उलटला तरी पडली नव्हती, बेंबी लालभडक, ताप, आणि पू मात्र थेंबभरही नाही. सासूबाईंना वाटलं पू नाही म्हणजे बरंच आहे. पण डब्ल्यूबीसी काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा आकडा, प्रचंड आला आणि आमचे डॉक्टर एकदम गंभीर झाले. त्यांनी सांगितलं ते असं, की पांढऱ्या पेशींच्या अंगावर सीडी१८ नावाचं प्रोटीन असतं, त्याच्या जोरावर त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला पकडतात आणि बाहेर पडून जंतूंपर्यंत पोचतात. ते नसेल तर पेशी रक्तातच फिरत राहतात, म्हणून काउंट वर, आणि जखमेत पू नाही, कारण पू म्हणजे तिथवर जाऊन मेलेल्या ह्याच पेशी. हे ऐकलं आणि माझे हातपायच गळाले.

टेस्ट फ्लो सायटोमेट्रीने होते, म्हणजे मशीनमध्ये एकेक पेशी तपासून तिच्यावर हे प्रोटीन आहे का ते बघतात, सँपल मुंबईला जाणार होतं. घराजवळच्या कलेक्शन सेंटरला गेलो, नाव घेत नाही. शनिवार दुपार होती. फॉर्मवर नात्यात लग्न झालंय का हे विचारलेलं, सगळं विचारलेलं, पण सँपल किती तासांत पोचायला हवं ह्याबद्दल एक ओळ नाही! रक्त काढलं, आणि काउंटरवरच्या मुलाने ट्यूब सरळ बर्फाच्या डब्यात टाकली. रविवारी कुरिअर निघत नाही हेही कोणी बोललं नाही. मग रोज विचारायला गेलं की "बेन, काले आवजो". शेवटी हे स्वतः जाऊन बसले तेव्हा कळलं की लॅबने सँपल कधीच बाद केलंय, पेशी मेलेल्या होत्या. एक फोन करता आला नाही ह्यांना? वर परत पैसे भरा म्हणे. भांडलो, मॅनेजरला बोलावलं, तेव्हा कुठे पैसे माफ झाले. पैशाचं जाऊ द्या हो, एवढ्याशा जिवाची शीर परत शोधायची होती. मनगटाच्या आतल्या बाजूला पहिल्या सुईचा हिरवानिळा डाग अजून तसाच होता, आणि दुसऱ्या हाताला शीर सापडेना म्हणून शेवटी पायातून घेतलं.

ह्या वेळी मी आधी मुंबईच्या लॅबला थेट फोन लावला. तिथल्या मॅडमनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं, देव त्यांचं भलं करो. जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब (रक्त गोठू न देणारी), फ्रिज नाही, बर्फ नाही, साध्या रूम टेंपरेचरला, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये हजर. सोबत एका निरोगी माणसाचं रक्त त्याच वेळी काढून पाठवायचं, म्हणजे प्रवासात सँपल खराब झालं का ते कळतं. सेंटरवाला लगेच म्हणाला पप्पांचं घ्या ना. अजिबात नाही! हा आजार आईवडील दोघांकडून येतो, वडील कॅरियर, म्हणजे स्वतः ठणठणीत पण एक बिघडलेला जीन बाळगणारे, असले तर त्यांचं सीडी१८ निम्म्याच्या आसपास असू शकतं, मग तुलना कशाशी करणार? ह्यांच्या ऑफिसातल्या मित्राने रक्त दिलं. संध्याकाळी रक्त काढलं आणि रात्रीच्या गाडीने हे स्वतः ट्यूब घेऊन गेले, सकाळी लॅबमध्ये. कुरिअरच्या भरवशावर राहूच नका.

रिपोर्ट लगेच आला, सीडी१८ २ टक्क्यांच्याही खाली, म्हणजे सिव्हिअर. वाईट बातमी होती, पण निदान कळलं तरी.

आणि हो, सीडी१८ नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ह्याच आजाराच्या टाइप ३ मध्ये प्रोटीन असतं पण काम करत नाही, त्यामुळे लक्षणं असतील तर डॉक्टरांना पुढचं विचाराच.

जीन टेस्टला बरेच आठवडे लागले. सीडी१८ बनवणारा आयटीजीबी२ हा जीन २१ नंबरच्या क्रोमोसोमवर असतो. आमचं लग्न नात्यात नाही, तरी बाळाला एक बिघाड माझ्याकडून आणि दुसरा, वेगळाच, ह्यांच्याकडून आला. आम्ही दोघं ठणठणीत. प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका. म्हणून आईवडिलांचीही टेस्ट करा आणि नेमका बिघाड लिहिलेला रिपोर्ट जपून ठेवा, तो असेल तरच पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्यात वारेचा तुकडा घेऊन तपासता येतं.

मुंबईत परळला केईएमच्या आवारात इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, प्रतिकारशक्तीच्या अशा जन्मजात आजारांवर तिथे काम चालतं, तुमच्या डॉक्टरांना सांगा.

इलाज बोन मॅरो ट्रान्सप्लांट. सख्ख्या भावंडाचं एचएलए (दात्याशी जुळतं का ते ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) जुळायची शक्यता चारात एक, आमच्या थोरलीचं जुळलं! पुढच्या आठवड्यात अॅडमिट होतोय. सँपलबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, उशीर होईल पण सांगेन.