तिसरी बॅटरी

धुळ्याला पारोळा रोडवर माझं गाड्यांच्या वायरिंगचं छोटं दुकान आहे. मे महिन्यातली दुपार, पारा 44 ला टेकलेला. सोनगीरचे एक काका गाडी टोचन करून घेऊन आले. सोबत कॉलेजातला मुलगा. काका उतरल्या उतरल्याच म्हणाले, "भाऊ, हाई तिसरी बॅटरी शे."

दीड वर्षात तिसरी. तीन दिवस गाडी दारात उभी राहिली, की चौथ्या दिवशी सेल्फ नुसता कडकड करतो. दरवेळी कुणीतरी नवी बॅटरी गळ्यात मारलेली. खरं सांगतो, माझ्याही मनात आधी ऊनच आलं. आपल्याकडच्या उन्हात बॅटरीचं पाणी आटतं, ती लवकर म्हातारी होते. पण इतकी लवकर?

दुसऱ्या बॅटरीवर गाडी चालू केली, मीटर लावला. 14.2 व्होल्ट. म्हणजे डायनामो चार्जिंग देतोय. मग गाडी बंद असताना करंट कोण खातंय?

काकांची बॅटरी चार्जिंगला टाकली आणि आमचीच गाडीत ठेवली. निगेटिव्हची वायर काढून मधे मीटर जोडला. (अशा वेळी सेल्फ मारायचा नसतो. एकदा पोऱ्याने मारला आणि मीटरचा फ्यूज उडाला.) बॉनेट उघडं, दार उघडं, पण दाराच्या कुलपाची जीभ स्क्रू ड्रायव्हरने दाबून ठेवली, म्हणजे गाडीला दार बंदच वाटतं. हे केलं नाही तर आतला दिवा जळत राहतो आणि मीटर भलतंच दाखवतो. मग अर्धा तास थांबलो. हल्लीच्या गाड्या बंद केल्यावर लगेच झोपत नाहीत. काकांना वाटलं, मी टाइमपास करतोय.

आकडा 0.42 अँपिअरवर अडला. चांगल्या गाडीत 0.05 च्या आत हवा. 35 अँपिअर-तासांची बॅटरी, रोज दहा अँपिअर-तास गळती. काकांचे तीन दिवस बरोबर जुळले. आणि अशी पार उतरलेली बॅटरी पुन्हा पुन्हा तशीच पडून राहिली, की तिच्या प्लेटा कायमच्या खराब होतात.

एकेक फ्यूज उपसत गेलो. हॉर्न, नाही. आतला दिवा, नाही. टेपचा काढला आणि आकडा धपकन 0.02 वर.

टेप बाहेर ओढला. मागे पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. पिवळीला करंट कायम, लालला फक्त किल्ली फिरवल्यावर. दोन्ही एक केल्या, तर स्क्रीन काळी दिसली तरी टेप आतून जागाच.

मी मुलाकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये.

"मामाच्या लग्नात," तो म्हणाला, "किल्ली काढली की गाणी बंद पडायची. म्हणून करून घेतलं."

काका काहीच बोलले नाहीत. डोक्याचा गमछा सोडला, तोंड पुसलं, परत बांधला. मी वायरी वेगळ्या केल्या, लाल तिच्या जागी जोडली, दीडशे रुपये सांगितले.

काका पैसे मोजत असताना पोरगं माझ्याजवळ सरकलं. "दादा, किल्ली काढल्यावर गाणी लागतील ना?"