राणीने तलवार पात्याला धरली तो दिवस

मी कॉमिकचं पेन्सिलिंग करते, म्हणजे पानांची मूळ चित्रं पेन्सिलने काढते. सध्या एका लढवय्या राणीची सिरीज चालू आहे, तलवारी, मांत्रिक, शापित गढी, सगळा मसाला आहे त्यात. त्या दिवशी शेवटच्या मारामारीचे लेआउट ठरवायचे होते म्हणून रायटरने जुन्या पद्धतीची तलवारबाजी शिकवणाऱ्या एका बाईंना पोझ द्यायला स्टुडिओत बोलावलं होतं.

त्यांनी आधी जाड शिवलेला अंगरखा घातला, त्यावर लोखंडी कड्यांचं चिलखत, वजन दहा किलोच्या आसपास, आणि वरून पट्टा एकदम करकचून आवळला. एवढा घट्ट कशाला विचारलं तर म्हणाल्या, नाहीतर सगळा भार खांद्यांवर येतो आणि हात लवकर भरून येतात, पट्ट्यामुळे बराचसा कमरेवर उतरतो. केसही टोपीखाली घेतले, कड्यांत अडकतात म्हणून. मी भराभर स्केच करत होते.

स्क्रिप्टमध्ये होतं की राणी एका घावात चिलखतवाल्या पहारेकऱ्याला उभा चिरते, त्याला अख्खं पान. बाई म्हणाल्या, असं होत नाही हो, कड्या कापल्या जात नाहीत. मग त्यांनी दीडेक किलोची ती लांब तलवार एका हाताने मुठीला आणि दुसऱ्या, हातमोजा घातलेल्या हाताने पात्याच्या मध्यावर धरली, दोन पावलं आत घुसल्या आणि टोक थेट रायटरच्या काखेपाशी आणून थांबवलं. रायटर जागच्या जागी गार! काखेत चिलखताचं संरक्षण कमी पडतं, घुसायला जागा तीच. मला तर अंगावर काटा आला, कारण राणी अशीच लढणार हे तिथेच कळलं, जवळ जाऊन, डोकं वापरून. अख्ख्या पानाच्या जागी पाच पॅनेल, म्हणजे चौकटी झाल्या, रायटरने तिथेच बसून स्क्रिप्ट बदलली.

कव्हरवर राणी धातूच्या बिकिनीत हवी अशी एक सूचना आली होती, तीही त्याच दिवशी निकालात निघाली. धातूच्या बिकिनीसाठीच ओळखली जाणारी कॉमिकमधली लढवय्यी खुद्द रेड सोन्या १९७३ मध्ये कॉमिकमध्ये पहिल्यांदा आली ती कड्यांचा सदरा घालून, बिकिनी नंतर चित्रकार एस्तेबान मारोतोच्या चित्रातून आली. आणि लेखिका सी. एल. मूर यांच्या कथेतली लढवय्यी जिरेल, १९३४ ची, तिला चिलखतात पकडून आणतात आणि शिरस्त्राण निघेपर्यंत ही बाई आहे हे शत्रूला कळतही नाही. मला आमची राणी या घराण्यातली हवी आहे.

जादूचं काय करायचं ते कलरिस्टशी, म्हणजे रंग भरणाऱ्याशी बोलून ठरवलं. या प्रकारच्या गोष्टींत जादू बहुतेक वेळा शत्रूच्या हातात असते, परकी आणि घाणेरडी, राणीकडे फक्त पोलाद. म्हणून मांत्रिकाच्या जादूला काळी शाईची रेघच द्यायची नाही, नुसता रंग, आणि राणीला मात्र ठसठशीत ब्रशने इंकिंग, म्हणजे पेन्सिलवर शाईच्या रेघा.

पुढच्या अंकात ती घोड्यावरून लढणार आहे, बाईंना तेव्हाही यायला सांगितलंय.