आय्तु

संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग 29 मिनिटांचं होतं आणि त्यात पेशंट मावशींनी ‘आय्तु’ हा शब्द 14 वेळा उच्चारला. मी मोजले. ओपीडी रिकामी झाली होती, झाडूवाल्या अक्का लाईट बंद करत करत माझ्या खोलीपर्यंत आल्या होत्या, आणि मी इअरफोन लावून तेच तेच मागे घेऊन ऐकत बसले होते. डॉक्टर कन्नडमधून विचारतात, “अर्थ आय्ता?” मावशी मान हलवतात, “आय्तु.” समजलं का? समजलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बेळगावातल्या एका खासगी दवाखान्यात मी क्लिनिकल ट्रायलची कोऑर्डिनेटर होते. हे काम नेमकं काय ते घरच्यांना कधी नीट सांगता आलं नाही. आई शेजारी “दवाखान्यात कंप्युटरवर असते” एवढंच सांगायची. तेव्हा आमच्याकडे मधुमेहींच्या पायाच्या जखमेवर लावायच्या नव्या मलमाची चाचणी चालू होती. निम्म्या पेशंटना औषध घातलेलं मलम, निम्म्यांना त्याच रंगाचं, त्याच वासाचं, पण औषध नसलेलं. कुणाला काय मिळणार ते कंप्युटर ठरवणार, आणि ते ना पेशंटला ठाऊक ना डॉक्टरांना. साखरेची औषधं, जखम साफ करणं, ड्रेसिंग, पायावर भार न देणं हे दोघांनाही सारखंच.

मावशी खानापूर तालुक्यातल्या, जांबोटीच्याही पुढच्या. पावसात रोप लावायला अनवाणी चिखलात उभ्या असताना अंगठ्याखाली काहीतरी टोचलं, ते त्यांना कळलंच नाही. साखरेनं पायाच्या नसा मेल्या की असंच होतं, दुखत नाही म्हणून माणूस बघत नाही. चार-पाच दिवसांनी सून जमीन सारवत होती, तिला शेणावर रक्ताचे ठिपके दिसले. आमच्याकडे आल्या तेव्हा जखम रुपयाच्या नाण्याएवढी होती आणि कडेनं पांढरी पडली होती.

आता माझी चूक सांगते. अशा चाचणीत पेशंटला समजेल अशा भाषेत, सोप्या शब्दांत लिहिलेला संमतीपत्रक-संच द्यावा लागतो, आणि त्याच्या प्रत्येक भाषेतल्या प्रतीला एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटचं हित सांभाळलं जातंय ना ते बघणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. आमच्याकडे इंग्रजी आणि कन्नड प्रती मंजूर होत्या. मराठीची प्रत भाषांतर होऊन आली होती, पण कमिटीची बैठक महिनाभर लांब. आम्हाला 12 पेशंट घ्यायचे होते, झाले होते चार, आणि औषध कंपनीचा मॉनिटर, म्हणजे चाचणीचे कागद तपासणारा माणूस, पुढच्या आठवड्यात यायचा होता. फॉर्मवर ‘समजणारी भाषा’ असा रकाना असतो. मी मावशींना विचारलं, “कन्नड येतं की तुम्हाला?” त्या म्हणाल्या, “येतंय की, बाजारात बोलतो की आम्ही.” मी लिहिलं, कन्नड. मी स्वतः बेळगावच्या शहापुरात वाढलेली. बाजारातलं कन्नड म्हणजे किती, हे मला न कळण्यासारखं नव्हतं. ‘एष्टु’ म्हणजे किती, ‘बेड’ म्हणजे नको, आणि पुढे मराठीतच ‘सोडा की कमी करून’.

मावशींना लिहितावाचता येत नाही म्हणून नियमाप्रमाणे एक तटस्थ साक्षीदार हवा, जो सगळं समजावणं संपेपर्यंत खोलीत बसून राहील. तो म्हणून आम्ही बाहेरच्या औषध दुकानातला एक जण बोलावला. तो कन्नड बोलणारा. रेकॉर्डिंगमध्ये तो दिसतो, मान खाली, अंगठा मोबाईलवर.

सगळं व्यवस्थित होतं, हे लक्षात घ्या. कॅमेऱ्यात तिघांचे चेहरे दिसत होते. डॉक्टरांनी एक मुद्दा गाळला नाही. शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, वारसदाराचं नाव आणि नातं, सगळे रकाने भरलेले. अंगठ्याची शाई नीट उमटलेली. कुणी तपासणीला आलं असतं तर पाठ थोपटली असती. पण सतराव्या मिनिटाला डॉक्टर सांगतात की जखम चिघळू शकते, क्वचित बोट काढावं लागू शकतं. आणि मावशी पदर सावरून, पाहुण्यांकडे दुसऱ्यांदा चहा घेताना हसावं तसं हसतात. “आय्तु.”

तिथे मी थांबले. आपल्याकडे ‘आयतं’ म्हणजे कष्ट न करता हाती आलेलं. आम्हालाही ती संमती तशीच मिळाली होती.

हे रेकॉर्डिंग मुळात आलं कुठून तेही सांगायला हवं, कारण नव्या पोरांना ती नुसती कटकट वाटते. 2009 मध्ये खम्मम जिल्ह्यात, तेव्हाच्या आंध्रात, आणि गुजरातेत वडोदऱ्याला शाळकरी मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून बचावाची, लस देण्याचा एक अभ्यास झाला. 2010 च्या एप्रिलमध्ये तो थांबवावा लागला. पुढे संसदीय समितीनं कागद तपासले तर आंध्रातल्या 2,763 अर्जांवर आईबापाच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. औषध चाचण्यांवरचा खटला सुप्रीम कोर्टात चालू होता. 2013 मध्ये कोर्टाच्या आदेशानंतर संमती घेताना ऑडिओ-व्हिडिओ सक्तीचा झाला. 2015 मध्ये तो नव्या रसायनाच्या औषधापुरता आणि परिस्थितीनं दुबळ्या पेशंटांपुरता ठेवला, आणि 2019 च्या नियमांतही तो राहिला. म्हणजे कॅमेरा लावला तो सही दुसऱ्यानं करू नये म्हणून. मावशींनी तर अंगठा स्वतःच उठवला होता.

सकाळी सरांकडे, म्हणजे त्याच डॉक्टरांकडे गेले. सर धारवाडकडचे. माणूस वाईट नाही. गरिबाचं ड्रेसिंग कितीदा स्वतः करतात. म्हणाले, “अगं, ती लोकं विश्वासानं येतात. फॉर्म वाचून कोण येतंय? तो विश्वास म्हणजेच संमती.” मी काही बोलले नाही, लॅपटॉप पुढे सरकवला. सतरावं मिनिट. त्यांनी ते पाहिलं, मागे घेतलं, पुन्हा पाहिलं. मग चष्मा काढून म्हणाले, “गुरुवारी येणार आहेत ना? तू बोल. मराठीत.”

यात कन्नड-मराठी भांडण शोधू नका. इथे सीमाप्रश्न चहाच्या टपरीवरसुद्धा निघतो, म्हणून सांगते. अथणी-रायबागची कन्नड माणसं मिरजेच्या दवाखान्यांत जातात, तिथे तीही मराठीला अशीच “हो, हो” करत असतील. मोठ्या खुर्चीसमोर बसलं की कुठल्याही भाषेत हो म्हणायला एकच शब्द लागतो.

गुरुवारी मावशी पहिल्या बसनं आल्या. चहा मागवला. मी म्हटलं, “मावशी, त्या दिवशी डॉक्टरांनी काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत मला सांगा की.”

“परदेशातलं औषध हाय. फुकट देत्यात.”

“आणि?”

“न्हाई म्हटलं तर डाक्टरास्नी राग येईल. मग पाय कोण बघणार?”

“आणि वारसदार म्हणून लेकाचं नाव कशाला घेतलं?”

त्या जरा थांबल्या. “मी मेल्यावर पैसे कुणाला, असं इचारूलाल्यात असं वाटलं. घाबरलो की मी. पण एवढी माणसं बसलेली, कॅमेरा लावलेला. म्हटलं, लवकर हां म्हणावं, म्हंजे लवकर सोडत्यात. मला काय कळूलाय त्यातलं?”

मग मी पहिल्यापासून सांगितलं. कंप्युटर कसा ठरवणार याच्यावर अडले, शेवटी भिशी आठवली. “भिशीत चिठ्ठी निघते बघा, तसं. तुमच्या नावावर औषधाचं मलम निघेल नाहीतर साधं.”

“डाक्टर चिठ्ठी फोडून बघणार न्हाईत?”

“नाही. त्यांनाही कळू द्यायचं नाही.”

त्या हसल्या, पण या वेळचं हसू वेगळं होतं. “मग डाक्टर कशाला हाईत?” या प्रश्नाला चांगलं उत्तर आहे, ते मी दिलंही: डॉक्टरांना कळलं तर नकळत औषधवाल्याची जखम त्यांना जास्त बरी दिसेल. मावशींना ते पटलं. सुनेला भाकरी वाढताना सासू कुठली निवडते ते मला ठाऊक आहे, असं काहीतरी म्हणाल्या. मग बोट काढावं लागण्याचं विचारलं. साधं मलम आलं तर पायाचं काय, ते विचारलं. गोव्यात कामाला असलेल्या लेकाला फोन लावला. तो पलीकडून मोठ्यानं म्हणाला, “फुकट हाय तर घे की!” त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, “न्हाई म्हटलं तर ड्रेसिंग करणार नव्हं?”

“करणार.”

“मग नको.”

का नको, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता जे झालं ते मला अजून टोचतं. ‘नकार दिल्यास उपचारांवर परिणाम होणार नाही’ हे वाक्य प्रत्येक फॉर्ममध्ये असतं आणि ते खरंच होतं. ड्रेसिंग झालं, त्याच नर्सनं, त्याच टेबलावर केलं. फक्त चाचणीत असताना ते कंपनीच्या खर्चात होतं, आता काउंटरवर पावती फाडायची होती. मावशींनी लुगड्याच्या गाठीतून नोटा सोडल्या आणि एकेक मोजून ठेवल्या. पुढच्या वेळी सरांनी कागदावर निम्मं कमी करायला लिहून दिलं. पण निम्मे तरी द्यावेच लागायचे, शिवाय बसभाडं. एका ‘नको’ला इतके पैसे पडतात, हे कुठल्या भाषेतल्या फॉर्ममध्ये लिहितात?

चुकीच्या भाषेत संमती घेतली हे आम्ही कमिटीला लेखी कळवलं. आधीच्या चौघांत आणखी एक मराठी गृहस्थ निघाले, त्यांनाही पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, राहतो. बैठकीत मराठी प्रत आली तेव्हा कमिटीतल्या निवृत्त मास्तरांनी ती उलटसुलट करून पाहिली. डॉक्टर-वकिलांबरोबर एक सामान्य माणूसही कमिटीत असावा लागतो, तो हा. “छद्मौषध? छद्म म्हणजे कपट की हो. पेशंटला कपटाचं औषध देणार म्हणून आधीच कळवताय?” त्या जागी ‘औषध नसलेलं साधं मलम’ असं घातलं. ‘यादृच्छिकीकरण’ काढून ‘चिठ्ठी काढल्यासारखं’ केलं. भिशी हा शब्द मात्र मंजूर झाला नाही.

कंपनीच्या सिस्टीममध्ये मावशींच्या नंबरापुढे ‘संमती मागे घेतली’ निवडलं की खाली आणखी एक चौकट उघडायची: कारण. माघार घ्यायला कारण द्यावं लागत नाही, हे त्याच कंपनीच्या फॉर्मवर छापलेलं. मी टाईप केलं, “विचारलं नाही.” दोन दिवसांत मॉनिटरची क्वेरी, म्हणजे विचारणा आली, कृपया कारण स्पष्ट करावे. मी पुन्हा तेच लिहिलं. ती पुन्हा आली. मी नोकरी सोडली त्या दिवशीही ती क्वेरी लाल अक्षरांत उघडीच होती.