लायसन्स आलं, विमान नाही

माझं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं आणि एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली. बोइंग ७३७ चे हजारो तास गाठीला असलेले कॅप्टन नोकरी शोधत होते, तिथे माझ्या दोनशे तासांना कोण विचारणार?

ते दोनशे तरी सरळ कुठे झाले! त्यातले शंभर स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी माझ्यावर, तीनशे नॉटिकल मैलांची एक क्रॉस-कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं उड्डाण, रात्रीचे पाच तास. पावसाळ्यात सकाळी सहाला छोट्या सेसना विमानाची काच पुसायची, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या विंडसॉककडे बघत बसायचं, आणि नऊला ढग तसेच म्हणून पोहे खायला मेसमध्ये परत. हवा उघडली की नेमकं विमान तपासणीला गेलेलं. वर्षाचं काम अडीच वर्षं चाललं.

इस्लामपूरचं घर गहाण ठेवताना आप्पांनी हिशेब फक्त फीचा केला होता. लायसन्स जिवंत ठेवायला पैसे लागतात, हे कुणी धरलंच नव्हतं. क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, दरवर्षी, फक्त उपकरणांवर उडवायच्या परवान्याचं, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं, नूतनीकरण दरवर्षी, वर कर्जाचा हप्ता. त्यात कोरोना. मी पुण्यात पोरांना नेव्हिगेशन शिकवायला लागलो. शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "वर दिसतोय का गं तुझा पोरगा?"

२०२२ मध्ये प्रश्न आला टाइप रेटिंगचा, म्हणजे एका ठरावीक जातीचं मोठं विमान चालवायच्या प्रशिक्षणाचा. आणखी वीसेक लाख, नोकरीची हमी नाही. आप्पा म्हणाले, "एवढं घातलंय, आता मागं कशाला सरायचं?" हे कारण मला पटलं नाही. गेलेले पैसे गेलेच. मी एवढंच मोजलं, की आणखी दोन वर्षं नोकरी नाही मिळाली तर हप्ता निघेल का? शिकवणी आणि ताईचा हातभार धरून निघत होता. म्हणून एअरबस ए३२० चं रेटिंग केलं. देशात चालतात त्यात तीच जास्त. आठ महिन्यांनी नोकरी लागली.

आता बारावीतला मामेभाऊ मागे लागलाय. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानं मागवली, हे त्याला तोंडपाठ. अरे, ती यायला वर्षं लागतात! त्याला म्हटलं, फी भरायच्या आधी क्लास वन मेडिकलपर्यंत सगळं तपासून घे, आणि लायसन्स आल्यावर किती वर्षं कळ काढता येईल ते मामांना विचार.

चार दिवस फोन नाही. काल मामांचाच आला: "तीन वर्षं धरू का?"